आठवा रकाना

मच्छी संस्थेच्या रजिस्टरात सात रकाने आहेत:
तारीख, जाळी किती, कटला, रोहू, मरळ, किरकोळ, सही.
सचिव म्हणून नऊ वर्षं भरते आहे, कधी कमी पडले नाहीत.
माघ सरताना एका सोमवारी पडले.

पुस्तकलाबाई पहाटेच पारीवरून हाका मारत आली,
"पाहा तं वं कोण उभं हाये,
काठीवर काठी ठेवल्यावानी!"

तुडुमाच्या पलीकडे,
जिथला बेशरम आम्ही सतरा बायांनी
कमरेएवढ्या चिखलात उभं राहून उपटला होता
(पिंढऱ्यांना जळवा, हातांना खाज,
आणि पारीवर बसलेले बाप्ये विचारत होते,
"याचे पैसे भेटतेत का वं?")
आणि मग गाद लावली, देवधान शिंपलं,
तिथं घोटाभर पाण्यात
एक राखी, मळकं पाखरू
मान खाली सोडून, चोच उलटी धरून
पाणी पाखडत होतं.
पाखडणंच ते. आम्हाला दुसरा शब्द सुचला नाही.

वलथऱ्यांचा नातू, चेतराम, नववीतला.
मोबाइलात चित्र जुळवून म्हणाला, "रोहित."
"रोहू?" मागून कुणीतरी टोपली सावरली.
"रोहित. पाखराचं नाव हाये."
"मंग किलोचा भाव काय?"
हसणं पाण्यावरून गेलं, पाखरू दोन पावलं सरकलं,
आम्ही पदर तोंडात कोंबले.

"गुलाबी असते नं पण हे?"
चेतराम वाचू लागला. लहानपणी राखीच असते.
रंग मागून येतो,
खाऱ्या पाण्यातलं शेवाळ, बारके झिंगे
वर्षानुवर्षं खाऊन.
पुस्तकलाबाई बराच वेळ गप्प.
"म्हंजे रंग पाखराचा नाही," ती म्हणाली,
"पाण्याचा हाये."

आणि आमचं पाणी गोड.
कोहळ्यांनी बांधलेला मामा तलाव,
धानाचं पाणी, म्हशींचं, मरळीचं.
याला गुलाबी करायची ताकद त्यात नाही.
वाट चुकलं असेल. दमलं असेल.

चेतराम पुढे वाचत होता: कच्छचं रण,
आफ्रिकेतली सोड्याची तळी,
चिलीत कुठं उंचावर मिठाची मैदानं.
तिथलं खारं पाणी जमिनीखालून उपसतात,
बॅटरीसाठी.
तो थांबला. हातातल्या मोबाइलकडे पाहिलं,
बारा टक्के उरले होते.
पुढचं त्यानं वाचलं नाही.

तीन दिवस त्या बाजूला जाळं टाकायचं नाही, असं ठरलं.
ठरलं म्हणजे भांडण झालं.
सुकरूभाऊ दोन दिवस बोलला नाही,
त्याच्या मुलीची फी त्याच कोपऱ्यात होती.
तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एक जण आला,
गळ्यात मोठा कॅमेरा,
जवळून फोटो पाहिजे म्हणून पँट दुमडू लागला.
सुकरूभाऊच उठला.
"तिथं खोल हाये," म्हणाला,
"मागल्या साली बैल गेला."
तिथं घोटाभर पाणी.

चौथ्या दिवशी पाखरू नव्हतं.
गाळात पावलं होती, बोटांमध्ये पडदा असलेली,
प्रत्येकात थोडं पाणी साचलेलं,
आणि एकात बोटरीचं पिल्लू, नखाएवढं,
वळत होतं, पुन्हा वळत होतं.
चेतरामनं बोटानं एक रेघ ओढली
पावलापासून तलावापर्यंत.

त्या सोमवारी मी 'किरकोळ'मध्ये
एक आकडा लिहिला होता: १.
मार्चात हिशेब तपासणारे साहेब आले,
बोट ठेवून विचारलं, "वजन?"
म्हटलं, तोललं नाही.
"विकलं कोणाला?"
म्हटलं, साहेब, चहा घ्या.

ते गेल्यावर पट्टी धरून
सहीच्या पुढे आठवी रेघ मारली.
वर नाव अजून लिहिलं नाही.
उत्तरेकडचा बेशरम यंदा काढायचा आहे,
बाया आता एकवीस झाल्या,
त्यातली एक सुकरूभाऊची मुलगी.
पुस्तकलाबाईनं विळे दगडावर लावून ठेवलेत,
आणि जळवांसाठी
पाव किलो मीठ.